दूध-दह्याशिवाय कुप्याचं सॅलड: चव घरातच आहे, बघायचा तो फक्त बर्फ आणि पाकिटाची मागची बाजू

मोबाईलवर ट्यूना सॅलडचे व्हिडिओ बघून घरातली मुलं हल्ली तेच मागतात. व्हिडिओत डबा उघडतात, पांढरंशुभ्र मेयोनीज ओततात, वरून चीज किसतात आणि पावात भरतात. मग घरातल्या बाईला दोन प्रश्न पडतात. हा ट्यूना आणायचा कुठून? आणि घरात ज्यांना दूध पचत नाही, त्यांनी हे खायचं कसं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या बंदरावरच आहे. ट्यूना म्हणजे आपला कुपा, आणि त्याच्याच कुळातली गेदर. मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे या बंदरांत हे मासे उतरतात आणि गाडीने लांजा, संगमेश्वर, खेडपर्यंत जातात. सुरमई-पापलेटच्या मानाने भाव कमी. तरीही पुष्कळ घरांत कुपा घेताना नाक मुरडतात, कारण मांस लालसर, चव जरा उग्र, आणि तळला की कोरडा होतो. नेमका हाच मासा सॅलडला चांगला. शिजला की त्याच्या मोठ्या पाकळ्या सुटतात, काटा सहज निघतो आणि आंबट-तिखट मसाला तो पटकन पितो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही अवघड नाही. सॅलडला लागणारा दाटपणा काजू, नारळ, उकडलेलं अंडं किंवा नुसत्या तेलातूनही येतो. दुधाची गरज पडत नाही. तसंही मासळीच्या जेवणात दूध-दही नको, हे अनेक घरांत पाळतातच. पण दोन ठिकाणी चूक झाली तर त्रास होतो. एक, बाजारातल्या पाकिटात लपलेलं दूध. दुसरी, बर्फाविना राहिलेला मासा.

दूध पचत नाही आणि दुधाची ॲलर्जी, या दोन वेगळ्या गोष्टी

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवायला आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य लागतं. लहानपणी ते भरपूर असतं, वय वाढेल तसं अनेकांत कमी होतं. मग दूध प्यायल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांत पोट फुगतं, गुडगुडतं, कळ येते, जुलाब होतात. हा त्रास किती दूध घेतलं यावर असतो. चहातलं चमचाभर दूध चालतं, पेलाभर चालत नाही. दही आणि ताक काहींना सोसतं, कारण विरजणातले जिवाणू बरीचशी साखर आधीच मोडतात. साजूक तुपात ही साखर जवळजवळ उरतच नाही.

ॲलर्जीचं तसं नाही. तिथे शरीर दुधातल्या प्रथिनांविरुद्ध उठतं. अंगावर गांधी येतात, ओठ-डोळे सुजतात, उलटी होते, कधी श्वास अडकतो. अशा माणसाला थोडंसं दूधही धोक्याचं असतं. गाईचं नाही तर शेळीचं देऊन बघू, हा प्रयोग करू नये. दोन्ही दुधांतली प्रथिनं बरीच सारखी असतात. ॲलर्जीची शंका असेल तर डॉक्टरांना दाखवूनच काय ते ठरवावं.

पाकिटात दूध कुठे लपतं?

खरं मेयोनीज म्हणजे अंड्याचा बलक, तेल आणि आंबट. त्यात दूध नसतंच. पण आपल्याकडे दुकानात जास्त करून मिळतं ते व्हेज मेयो, म्हणजे बिनअंड्याचं. अंडं काढलं की दाटपणासाठी दुसरं काहीतरी घालावं लागतं, आणि अनेक कंपन्या त्यासाठी दुधाची पावडर घालतात. म्हणजे दूध न पचणारा माणूस ‘व्हेज आहे, हलकं असेल’ म्हणून हेच घेतो आणि नंतर पोट धरून बसतो.

इथे हिरव्या ठिपक्याने फसू नका. हिरवा ठिपका शाकाहारी पदार्थाला मिळतो. दूध शाकाहारीत मोडतं, त्यामुळे दूध घातलेल्या पदार्थावरही हिरवाच ठिपका असतो. ठिपका सोडा आणि पाकीट उलटं करा. मागे घटकांची यादी असते. त्यात मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, व्हे, केसीन, केसिनेट, बटरमिल्क पावडर, चीज पावडर यांपैकी काही दिसलं तर त्यात दूध आहे. अक्षरं बारीक असतात, मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचा. ॲलर्जी आणणारे घटक वेगळे सांगायचा नियम आहे, म्हणून यादीजवळ ‘कंटेन्स’ या शब्दानंतर ‘मिल्क’ लिहिलंय का तेही बघा. डबाबंद ट्यूना घेतानाही यादी वाचायची. काही कंपन्यांच्या डब्यात केसीन असतं.

मग घरीच कच्च्या अंड्याचं मेयोनीज करावं का? ते नको. कच्च्या अंड्यातून साल्मोनेलासारखे जिवाणू पोटात जाऊ शकतात. याच कारणाने केरळने २०२३ मध्ये, तेलंगणने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. आपल्या उन्हाळ्यात आणि लाईट जाणाऱ्या गावात हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

मासा घेताना आधी बर्फ बघा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. कुपा, गेदर, बांगडा, सुरमई हे एकाच कुळातले मासे. त्यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. उन्हाळ्यात काही तास बर्फाविना गेले तरी हे घडू शकतं. आणि एकदा हिस्टामीन तयार झालं की ते उकळून जात नाही, तळून जात नाही, फ्रीजरमध्ये ठेवूनही जात नाही. मासा वासाला बरा वाटतो, तरी बाधतो.

असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात, बहुतेक वेळा तासा-दोन तासांच्या आत, चेहरा-मान लाल होते, तोंडात चुरचुरतं, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, छातीत धडधडतं, कधी उलटी-जुलाब होतात. घरचे म्हणतात, ‘हिला कुपा सोसत नाही’. तिला कुपा सोसतही असेल, दोष बर्फाविना राहिलेल्या माशाचा असू शकतो. बहुतेकांना दिवसभरात आराम पडतो. पण श्वास लागला, घसा सुजल्यासारखा वाटला, चक्कर आली तर वाट बघू नका. लगेच दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा.

म्हणून गाडीवर मासा घेताना हे बघा:

- मासा बर्फावर नुसता ठेवलेला नको, बर्फात पुरलेला हवा. उष्ण हवेत किलोला किलोभर बर्फ हा साधा हिशेब.
- डोळे भरलेले, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर मांस परत वर येणारं.
- तुकड्यांवर इंद्रधनुषी किंवा तपकिरी झाक नको.
- घरी येईपर्यंत पिशवीतही बर्फ मागून घ्या. बंदरापासून गाव दीड-दोन तासांवर असेल तर हे विसरू नका.
- घरी आल्यावर मासा ओट्यावर ठेवून बाकीची कामं करत बसू नका. साफ करून लगेच शिजवा, नाहीतर थेट फ्रीजमध्ये.

खाताना घास जिभेला मिरीसारखा झोंबला किंवा झिणझिणला तर तो थुंकून टाका आणि ते सॅलड कुणालाच देऊ नका.

शिजवायचा कसा?

चार माणसांसाठी साफ केलेला अर्धा किलो कुपा किंवा गेदर घ्या. दोन बोटं जाडीच्या तुकड्या करा. मधला काळपट लाल मांसाचा पट्टा काढून टाका. उग्र चव मुख्यतः तिथूनच येते. तो फुकट घालवायचा नसेल तर वेगळा तिखट परतून घ्या.

तुकड्यांना मीठ, पाव चमचा हळद आणि अर्ध्या लिंबाचा रस लावा. दहा मिनिटांनी मोदकपात्रात किंवा इडलीच्या भांड्यात वाफवा. खाली हळदीचं पान मिळालं तर घाला, वास छान लागतो. साधारण १० ते १२ मिनिटं पुरतात. मधली तुकडी मोडून बघा. आतपर्यंत रंग बदललेला असावा आणि पाकळी सहज सुटावी. फार वेळ वाफवलं की मासा भुशासारखा कोरडा होतो, आणि मग कितीही मसाला घाला, घशात अडकतो.

वाफवण्याचं पात्र नसेल तर पसरट भांड्यात मासा बुडेल एवढंच पाणी घ्या. त्यात दोन आमसुलं, आल्याचा तुकडा, चार मिरी आणि मीठ घालून मंद आचेवर शिजवा. उरलेलं पाणी सारात वापरता येतं.

मासा कोमट झाला की हाताने पाकळ्या सोडवा. चमच्याने कुस्करू नका, लगदा होतो. याच वेळी बोटांना काटे लागतात ते काढा. घरात लहान मूल असेल तर हे काम सावकाश करायचं.

दुधाविना चव येते कुठून?

मेयोनीज आणि चीज घालतात ते तीन गोष्टींसाठी: स्निग्धपणा, आंबटपणा आणि खारटपणा. त्यात थोडा झणका आणि काहीतरी कुरकुरीत आलं की सॅलड जमतं. आपल्याकडे स्निग्धपणाला काजू, खोबरं, शेंगदाणे, तीळ आहेत. आंबटाला लिंबू, कैरी, कोकमाचं आगळ. झणक्याला फेसलेली मोहरी.

मोहरी फेसणं नव्या घरांत मागे पडलं आहे, पण या सॅलडची अर्धी चव तिच्यात आहे. एक छोटा चमचा मोहरी कोरडी वाटा. त्यात चमचाभर गार पाणी घालून ती फिकट, फेसाळ होईपर्यंत आणि नाकात झणका जाईपर्यंत घोटा. पाणी गरम नको आणि लिंबू सुरुवातीला नको. दोन्हींमुळे झणका तयारच होत नाही, नुसता कडूपणा राहतो. आधी फेसायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग आंबट घालायचं.

चार प्रकारचे मसाले, घरात असेल त्यातला करा

काजूचा: मूठभर तुकडा काजू कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. पाणी काढून त्यात लसणाची एक पाकळी, मीठ, दोन चमचे लिंबाचा रस, फेसलेली मोहरी, दोन मोठे चमचे तेल घालून बारीक वाटा. लागेल तसं चमचा-चमचा पाणी घाला. मेयोनीजसारखं दाट, पांढरं होतं. अख्ख्या काजूची गरज नाही, तुकडा स्वस्त पडतो.

नारळाचा: अर्ध्या नारळाचं पहिलं दाट दूध काढा. त्यात दोन मोठे चमचे भाजलेल्या तिळाची पूड, हिरवी मिरची, लसूण आणि चमचाभर आगळ घाला. आगळात मीठ असतं, म्हणून वरचं मीठ चाखून. सोलकढीच्या वळणाची चव येते. हा मसाला लवकर नासतो, त्यामुळे खायच्या वेळीच करा. नाव नारळाचं ‘दूध’ असलं तरी त्यात लॅक्टोज नसतं.

उकडलेल्या अंड्याचा: तीन अंडी कडक उकडा. बलक बाजूला काढून फेसलेल्या मोहरीत घोटा. मग दोन-तीन मोठे चमचे तेल थेंब-थेंब घालत घोटत राहा, शेवटी लिंबू आणि मीठ. तेल एकदम ओतलं तर ते वेगळं सुटतं. पांढरा भाग चिरून सॅलडमध्येच घाला.

नुसत्या तेलाचा: घाण्याचं शेंगदाणा तेल दोन मोठे चमचे, लिंबू, मीठ, मिरपूड आणि ठेचलेली हिरवी मिरची. सगळ्यात स्वस्त, पाच मिनिटांत होणारा, आणि माशाची चव सगळ्यात जास्त यातच कळते.

काजू, शेंगदाणे, तीळ, अंडं, मोहरी यांचीही काहींना ॲलर्जी असते. पाहुण्यांना वाढण्याआधी एकदा विचारा.

एकत्र करताना

एक कांदा बारीक चिरून मीठ चोळून पाच मिनिटं ठेवा आणि पिळून घ्या, उग्रपणा जातो. एक काकडी कोचवून तीही पिळा. हे केलं नाही तर सॅलडला अर्ध्या तासात पाणी सुटतं आणि मसाला पातळ होतो. हंगामात अर्धी कैरी किसून घाला, नसेल तर आंबट बोरं किंवा डाळिंबाचे दाणेही चालतात. दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, मिरपूड.

आधी भाज्या आणि मसाला एकत्र करा. माशाच्या पाकळ्या सगळ्यात शेवटी घालून हलक्या हाताने वर-खाली करा. दहा-पंधरा मिनिटं गार ठेवा आणि मग चाखा. गार पदार्थात मीठ आणि आंबट कमी लागतं, म्हणून शेवटचं मीठ-लिंबू तेव्हाच.

तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी, घावणे, कशाबरोबरही चालतं. पावात भरायचं असेल तर बेकरीवाल्याला विचारा. काही पावात दूध पावडर किंवा लोणी घालतात.

किती वेळ टिकतं?

फ्रीजबाहेर दोन तास, कडक उन्हाळ्यात एकच तास. फ्रीजमध्ये झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत. मुलांच्या शाळेच्या डब्यात हे देऊ नका. दुपारपर्यंत डबा उबेत राहतो आणि तिथेच घोळ होतो. रात्रभर लाईट नव्हती आणि फ्रीज उबदार झाला, तर सकाळी जीव लावू नका, टाकून द्या.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात डबाबंद ट्यूना चालतो. तेलातला असेल तर तेल निथळा, मिठाच्या पाण्यातला असेल तर पाणी टाकून मग मीठ चाखूनच घाला. डबा फुगलेला, पोचे पडलेला किंवा गंजलेला घेऊ नका. उघडल्यावर उरलेला ट्यूना डब्यातच न ठेवता काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा.

दूध सोडलं तर कॅल्शियमचं काय?

हा प्रश्न दूध बंद केलेल्या प्रत्येक घराने विचारायला हवा. कुप्यात प्रथिनं भरपूर, १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर, पण कॅल्शियम फारसं नाही. ते दुसरीकडून आणावं लागतं. गाईच्या १०० ग्रॅम दुधात कॅल्शियम १२० मिलीग्रॅमच्या आसपास असतं, तर १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम. तिळात त्याहून कितीतरी जास्त. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळीही चांगली. म्हणून हे सॅलड नाचणीच्या भाकरीबरोबर आणि वरून भाजलेले तीळ घालून खाल्लं तर दुधाची उणीव बरीचशी भरून निघते. वाढत्या मुलांचं किंवा गरोदर बाईचं दूध मात्र आशाताई किंवा डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बंद करू नये.

आणखी एक. कुपा मोठा, इतर मासे खाऊन वाढणारा मासा आहे. अशा माशांच्या अंगात पारा थोडा जास्त साठतो. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायांनी आणि लहान मुलांनी तो आठवड्यातून एकदाच खावा, बाकीचे दिवस बांगडा, तारली, मांदेली यांसारखी लहान मासळी.

बाकी यात अवघड असं काही नाही. पुढच्या वेळी गाडीवाला ‘काकू, कुपा ताजा आहे’ म्हणाला, की ‘हो’ म्हणायच्या आधी त्याला पेटी उघडून बर्फ दाखवायला सांगा. बर्फ भरपूर असेल तर अर्धा किलो घ्या, आणि घरी पोचल्यावर पहिली मोहरी फेसायला घ्या.